हेल्मेटच्या आधी पट्टे: एका हौशी रेसरच्या मानेचं प्रकरण

"ताई, बाकी सगळं आणलंय. फक्त हेल्मेट कोणतं घेऊ तेवढं सांगा."

निरोपासोबत तीन फोटो होते. पहिल्यात मोटरसायकलचं जुनं हेल्मेट. दुसऱ्यात गळ्यात घालायचं जाडजूड फोमचं कॉलर. तिसऱ्यात चार टोकांच्या हार्नेसचं, म्हणजे खांद्यांवरून आणि कमरेवरून आवळायच्या रेसिंगच्या पट्ट्यांचं खोकं, अजून न फोडलेलं. हौशी शर्यतींत गाड्यांच्या तांत्रिक तपासणीला मी बरीच वर्षं उभी राहते. त्या अनुभवावर सांगते, बाकी सगळं आणून झाल्यावर जो हेल्मेट विचारतो, त्याच्या 'बाकी सगळं' मध्येच घोळ असतो. मी कळवलं, "हेल्मेट नंतर बघू. आधी गाडी घेऊन ये. आणि ते खोकं फोडू नकोस, परत करता आलं पाहिजे."

या चालकाने पुढची दोन वर्षं काय घेतलं, काय परत केलं, काय चुकीचं बसवून पुन्हा काढलं, ते इथे लिहून ठेवते आहे. त्याची परवानगी आहे, नाव मात्र देत नाही.

गाडी आणि तक्रार

गाडी छोटी, चार दारांची, रोजच्या वापरातली. सीट मूळच्या, पट्टे मूळचे तीन टोकांचे, एअरबॅग जागेवर, रोल केज (गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत बसवायचा लोखंडी नळ्यांचा सांगाडा) नाही. सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर एकेकट्याने चालवायचं आणि पुढच्या मोसमात क्लबच्या शर्यतीत उतरायचं, असा त्याचा बेत होता.

दोन महिन्यांपूर्वी एका वळणावर ब्रेकचा अंदाज चुकला, गाडी खडीतून घसरत टायरांच्या भिंतीत शिरली. तोपर्यंत वेग बराच कमी झाला होता, त्याच्या अंदाजाने ताशी 40 किलोमीटरच्या आसपास. गाडीचा बंपर गेला. याची मान पंधरा दिवस दुखली. डॉक्टरांनी तपासून स्नायू ताणल्याचं सांगितलं, हाडाला काही नव्हतं.

यातून त्याने काढलेला निष्कर्ष असा: मूळचा पट्टा ढिला, शरीर पुढे गेलं, म्हणून मान दुखली. तेव्हा शरीर सीटला घट्ट बांधलं पाहिजे. त्यासाठी हार्नेस. आणि मानेसाठी वरून कॉलर.

ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण मानेच्या बाबतीत हा तर्क उलटा आहे, आणि या प्रकरणाची खरी गाठ इथेच होती.

धड थांबतं, डोकं थांबत नाही

गाडी भिंतीवर आदळली की धड पट्टा थांबवतो. डोक्याला कोणी थांबवत नाही, मानेशिवाय. तीन टोकांचा पट्टा थोडा ताणला जातो, धड वळून पुढे सरकतं, म्हणजे धड आणि डोकं काही अंतर सोबत जातात. समोर एअरबॅग असते. मानेवर भार येतोच, पण तो पसरून येतो. आता खांद्यावरून दोन पट्टे आवळून धड सीटला खिळवलं, तर धड जवळपास जागच्या जागी राहतं आणि डोकं एकटं पुढे झेपावतं. घट्ट हार्नेस ही छातीसाठी चांगली गोष्ट आहे. डोक्याला बांधणारं काही नसेल तर तोच हार्नेस मानेचा ताण वाढवतो.

आकड्यांत मांडलं तेव्हा त्याला पटलं. डोकं आणि हेल्मेट मिळून साधारण 6 किलो धरा. तो टायरांच्या भिंतीत शिरला तेव्हा ताशी 40 किलोमीटरवरून गाडी समजा मीटरभरात थांबली. हिशेब करा, सरासरी 6 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट, थोडं जास्तच. म्हणजे डोक्याचा भार त्या क्षणी 38 किलोच्या आसपास. आता ताशी 80 किलोमीटरने पक्क्या भिंतीवर आदळून गाडीचं नाक 60 सेंटिमीटर चेपलं असं धरा. सरासरी येते 42 जी. त्याच डोक्याचा भार अडीचशे किलो. ही सरासरी झाली, मधला सर्वात वाईट क्षण याहून वर जातो. आणि ताशी 80 म्हणजे ट्रॅकवर काही फार नाही, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी नवशिकाही त्याहून कितीतरी जास्त वेगात असतो.

हा ओढा मानेतून कवटीच्या तळाशी पोहोचतो, जिथे मज्जारज्जू कवटीत शिरतो त्या छिद्राभोवतीच्या हाडांवर. तिथलं हाड मोडलं तर आजूबाजूला मेंदूचा देठ आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. त्यासाठी डोकं कशावर आपटावंच लागतं असं नाही. हेल्मेट कोरं करकरीत राहू शकतं आणि माणूस गेलेला असतो.

रेसिंगच्या जगाला हे समजायला बराच काळ लागला. 1981 साली पॅट्रिक जॅकमार हा चालक अमेरिकेतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर चाचणीच्या वेळी अपघातात गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग स्वतः रेसर, आणि डाउनिंगचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड हे मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीरावरच्या आघातांचा अभ्यास करणारे प्राध्यापक. या दोघांच्या बोलण्यातून डोकं खांद्यांना बांधणारं उपकरण तयार झालं, 'हेड अँड नेक सपोर्ट', म्हणजेच हान्स: खांद्यांवर बसणारं कडक जू, मानेमागे उभी कड, पुढे छातीवर दोन पाय, आणि कडेपासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या दोऱ्या. पण ते गळ्यात घालायला कोणी फारसं राजी नव्हतं. अवजड वाटतं, मान वळत नाही, बाहेर पडता येणार नाही, हीच कारणं. आजही तपासणीच्या रांगेत शब्दसुद्धा बदललेले नसतात. 1994 मध्ये इटलीतल्या इमोलाला फॉर्म्युला वनचा चालक रोलांड रात्सनबर्गर गेला. 18 फेब्रुवारी 2001 ला अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत नामवंत चालक डेल अर्नहार्ट गेला, निदान कवटीच्या तळाचं हाड मोडल्याचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॅसकार या अमेरिकेतल्या शर्यत-संस्थेने आपल्या वरच्या मालिकांत असं उपकरण सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनने 2003 मध्ये. उपकरण हाताशी आल्यापासून ते सक्तीचं होईपर्यंत दहाएक वर्षं सहज गेली. हौशी माणसाला निदान हे दशक आयतं मिळालेलं आहे.

आणलेल्या वस्तूंची झडती

फोमचं कॉलर आधी घेतलं. त्याच्या लेबलवर एसएफआय या रेसिंगच्या सामानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं 3.3 हे मानक छापलेलं होतं, आणि त्यामुळे तो निर्धास्त होता. हे मानक हातमोजे, बूट यांच्यासारख्या सामानाच्या आगीपासूनच्या बचावाचं आहे. डोकं किती थोपवलं जातं याच्याशी त्याचा संबंध नाही. कार्टिंगमध्ये मान थकू नये म्हणून लोक असलं कॉलर घालतात, तेवढ्यापुरतं ठीक. समोरच्या धडकेत डोकं वर आणि पुढे ओढलं जातं, आणि कॉलर तर खाली बसलेलं असतं. उशी ओढ थांबवत नाही, त्यासाठी दोरीच लागते. डोकं-मानेच्या उपकरणावर एसएफआयचं 38.1 किंवा एफआयएचं (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) 8858 असा क्रमांक पाहिजे. मोटोक्रॉसमधले मानेचे ब्रेसही याच कारणाने इथे चालत नाहीत. डोकं बांधून धरणं हे त्यांचं कामच नाही.

हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एम मानकाचं होतं, म्हणजे मोटरसायकलचं. गाडीच्या शर्यतीसाठीचं मानक एसए. चांगल्या दर्जाचं, पण सात वर्षं जुनं आणि, बऱ्याच उलटतपासणीनंतर कळलं की, एकदा जिन्यावरून घरंगळलेलं. एम आणि एसए या दोन अक्षरांतला फरक लोक कागदोपत्री समजतात. तसा तो नाही. एसएमध्ये आगीची चाचणी असते, एममध्ये नसते. एसए हेल्मेट रोल बारसारख्या आकारावर आपटून पाहतात, कारण गाडीतलं डोकं रस्त्यावर नाही, नळीवर आपटतं. आणि एसए 2015 पासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना उपकरणाच्या दोऱ्या अडकवायच्या खुंट्या (पोस्ट) बसवायला 6 मिलिमीटरच्या आट्यांची छिद्रं कारखान्यातूनच येतात. त्याच्या हेल्मेटला ती नव्हती. "ड्रिलने पाडली तर?" त्याने विचारलंच. कवचाला घरी भोक पाडलं की त्या हेल्मेटचं प्रमाणपत्र संपलं. शिवाय अडीचशे किलोचा ओढा त्या भोकाच्या कडेवर येणार, हे मनात आणून बघा.

राहिला हार्नेस. तो कुठे बांधणार होता? मागच्या सीटच्या पट्ट्यांच्या बोल्टला, म्हणजे जवळजवळ फरशीवर. खांद्यावरून मागे जाणारे पट्टे आडव्या रेषेपासून फार तर 20 अंश खाली उतरावेत. फरशीकडे तीव्र उतरले की धडकेत ते खांदे मागे धरण्याऐवजी खाली दाबतात, आणि तो दाब मणक्यातून जातो. मी गाडीत बसून सुतळी धरून दाखवली. कोन साठच्या जवळ होता. चार टोकांच्या हार्नेसला जांघेतले पट्टे नसतात, त्यामुळे खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर वर ओढतात आणि चालक त्याच्याखालून घसरतो. मूळच्या सीटला खांद्याच्या पट्ट्यांसाठी भोकं नाहीत. केज नाही, म्हणजे गाडी उलटून छत दबलं तर घट्ट बांधलेल्या माणसाला एका बाजूला वाकायलाही जागा नाही.

हार्नेस परत गेला. कॉलर ज्या मित्राचं होतं त्याच्या कार्टमध्ये गेलं. हेल्मेट शेल्फवर.

वाटा तीन, दार एक

आता काय घ्यायचं? त्याच्यासमोर तीन वाटा होत्या.

मधली वाट सर्वांना मोहात पाडते: सीटमागे एक आडवा बार, त्यावर हार्नेस, वरून हान्स. गाडी रोज चालवता येते आणि दिसतेही रेसची. मला ही वाट सर्वात धोक्याची वाटते. वर सांगितलेल्यापैकी पट्ट्याचा कोन तेवढा सुधारतो. सीटची पाठ मोडण्याची शक्यता, पट्ट्याखालून घसरणं, उलटल्यावरचं छत, सगळं तसंच राहतं. एअरबॅगही सैल पट्ट्यातल्या माणसाचा हिशेब करून बनवलेली असते.

दुसरं टोक म्हणजे पुरी रेसची गाडी. केज, न वाकणारी बकेट सीट, सहा टोकांचा हार्नेस, हान्स. पण केज असलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवणं म्हणजे कानाजवळ लोखंडी नळी घेऊन फिरणं. रोजची आणि रेसची गाडी एकच असू शकत नाही. हे त्याला पटायला दोन आठवडे लागले. माझ्याशी त्या काळात तो फारसं बोललाही नाही.

तिसरी वाट साधी होती. या मोसमात गाडीला हातच लावायचा नाही. मूळचे पट्टे, मूळची सीट, एअरबॅग तशीच. फक्त चांगलं एसए हेल्मेट, आणि तीन टोकांच्या पट्ट्यासोबत चालणारं डोकं-मानेचं उपकरण. इथे बारकावा आहे. हान्स खांद्यावरच्या दोन पट्ट्यांखाली दाबून धरलेला असतो, तेच त्याचे खांब. एकाच खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यात तो कामाचा नाही, निसटतो. सिम्पसन कंपनीच्या हायब्रिड एससारखी उपकरणं मात्र स्वतःच्या छातीपट्ट्यांनी अंगाला बांधलेली असतात. डोक्याचा ओढा ती आधी धडावर घेतात, आणि तीन टोकांच्या पट्ट्यासोबत वापरायची मुभा निर्मात्याने दिलेली आहे. ही मुभा लेखी असेल तरच ग्राह्य धरावी. पुढे सहा टोकांचा हार्नेस आला तरी तेच उपकरण चालतं, म्हणजे खर्च वाया जात नाही. घेण्याआधी आयोजकांना मात्र विचारायचं: तुम्ही एसएफआयचा शिक्का धरता, एफआयएचा, की दोन्ही? हा प्रश्न त्याने विचारला आणि एक चुकीची खरेदी तिथल्या तिथे टळली.

हेल्मेट, अखेर

इथे वेळ घालवावा लागतो, त्याला इलाज नाही.

त्याच्या डोक्याचा घेर भुवयांच्या किंचित वर टेप धरून मोजला. आकड्याने माप मिळालं, आकार नाही. त्याचं डोकं पुढून मागे लांबट. पहिलं हेल्मेट मापाने बरोबर, पण दहा मिनिटांत कपाळावर मधोमध लाल वर्तुळ, आणि कानांच्या बाजूला बोट जाईल एवढी फट. ते गोल डोक्याचं हेल्मेट होतं. अशा वेळी लोक एक माप मोठं घेतात. कपाळ सुटतं, आणि हेल्मेट डोक्यावर फिरायला लागतं. माप तेच ठेवून वेगळ्या साच्याचं हेल्मेट शोधायचं असतं.

दुसरं अर्धा तास डोक्यावर ठेवायला लावलं. आत आगरोधक बालाक्लावा (डोकं-चेहरा झाकणारी कापडी टोपी) घालून, कारण शर्यतीत तो असणारच. मी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं, गालांची आणि कपाळाची कातडी सोबत सरकली. हे पाहिजे. मग हनुवटीचा पट्टा बांधून मागची कड धरून वर-पुढे उलटवायचा प्रयत्न केला. निघालं नाही. चष्मा हेल्मेटनंतर घालायचा, आणि त्याच्या काड्या गालाच्या गादीखाली दबून अर्ध्या तासाने कानशिलं ठणकतात. त्याच्या जुन्या चष्म्याच्या जाड काड्या याच कारणाने बाद झाल्या, सरळ पातळ काड्यांची फ्रेम आली.

दोन हेल्मेट मापात बसत होती. एक हलकं, कार्बनचं, दुसरं फायबरग्लासचं, काही शे ग्रॅम जड. वजन कमी असलेलं मानेला बरं, यात वाद नाही. पण 40 जीच्या हिशेबात 200 ग्रॅम म्हणजे 8 किलो, आणि उपकरण नसेल तर उरलेले 240 मानेवरच आहेत. वाचलेले पैसे उपकरणात घाल, असं मी सांगितलं. त्याने फायबरग्लासचं घेतलं. बंद चेहऱ्याचं घेतलं, कारण स्टिअरिंगवर तोंड आपटण्याचा प्रश्न बंद गाडीतही असतो.

मानकाच्या वर्षाबद्दल थोडक्यात: स्नेलचं एसए मानक दर पाच वर्षांनी बदलतं, 2015, 2020, 2025. बहुतेक आयोजक चालू आणि त्याच्या आधीचं चालवून घेतात. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या स्टिकरच्या हेल्मेटचं आयुष्य घेतल्या दिवशीच अर्धं झालेलं असतं. आतला थर्मोकोलसारखा थर एकदा चेपला की परत फुगत नाही, त्यामुळे मोठ्या आघातानंतर हेल्मेट बाहेरून कितीही छान दिसो, गेलं.

मी काय विसरले

पहिल्या ट्रॅक डेच्या सकाळी तो पिटमध्ये बसला आणि मला काहीतरी खटकलं. हनुवटी छातीकडे झुकलेली. मूळच्या सीटचा हेडरेस्ट उघड्या डोक्यासाठी असतो. हेल्मेटची जाडी मागे आली की हेडरेस्ट डोकं पुढे ढकलतो. म्हणजे मान आधीच वाकलेली, आणि उपकरणाच्या दोऱ्या ढिल्या पडलेल्या. दुकानाच्या खुर्चीत बसवून सगळं तपासलं होतं, गाडीच्या सीटमध्ये बसवून एकदाही नाही. ही चूक माझी. सीटची पाठ थोडी मागे केली, सीट शेवटच्या खाचेपर्यंत खाली घेतली, तेव्हा मान सरळ झाली आणि हेल्मेट ते छत हे अंतरही दोन बोटांवरून चार बोटांवर आलं. मग दोऱ्यांची लांबी पुन्हा जुळवली.

दोऱ्यांचं गणित असं की आखूड ठेवल्या तर बाजूच्या आरशात दिसत नाही, चालक वैतागून पुढच्या वेळी स्वतःच त्या सोडतो. लांब ठेवल्या तर डोकं आधी मोकळं धावतं आणि मग झटका खातं. बसून, पट्टा बांधून, डोकं दोन्ही बाजूंना आरशापर्यंत वळतं का, आणि पुढे वाकवलं की हनुवटी छातीला टेकण्याआधी अडतं का, हे गाडीतच बघावं. दुसरा उपाय नाही.

तो मोसम विनाअपघात गेला.

फुकटचा हान्स

पुढच्या वर्षी त्याने रोजच्या गाडीचा हट्ट सोडला आणि एका मित्रासोबत जुनी, केज बसवलेली गाडी घेतली. आदल्या मोसमात घेतलेलं हायब्रिड एस त्या मित्राला मापात बसत होतं, आणि दोघांना एकाच दिवशी चालवायचं होतं, म्हणून आपल्या चालकाला दुसरं उपकरण हवं होतं. एका ओळखीच्याने आपला जुना हान्स देऊ केला. फुकट मिळालेली सुरक्षिततेची वस्तू मी आधी उन्हात धरून बघते.

कार्बनला तडा नव्हता. पण दोन गोष्टी अडल्या. एक, तो 30 अंशांचा होता. हान्सचे कोन 10, 20, 30, 40 असे येतात आणि हा कोन चालक किती मागे रेलून बसतो त्यावर ठरतो. 30 अंशांचा तो फॉर्म्युला गाडीत जवळजवळ पहुडलेल्या माणसासाठी. नेहमीच्या बंद गाडीत ताठ बसणाऱ्याला बहुधा 20 लागतो. याला तो घालून बसवलं, तर मागची उभी कड डोक्यापासून लांब झुकली आणि पुढचे पाय छातीवरून सुटून वर आले. दुसरं, एसएफआयच्या उपकरणांना दर पाच वर्षांनी पुन्हा तपासून शिक्का घ्यावा लागतो, आणि याच्यावरच्या शिक्क्याची मुदत कधीच संपली होती. दोऱ्या वर्षानुवर्षं उन्हात लटकून कडक झाल्या होत्या. धन्यवाद म्हणून परत केला.

20 अंशांचा नवा आला. मग पट्टे. गाडीतले खांद्याचे पट्टे 3 इंची होते, हान्सवर बसत होते पण पायांच्या कडेवरून ओघळू पाहत होते. हान्ससाठी खांद्यावर 2 इंची येणारे हार्नेस मिळतात, ते त्याच्या खोबणीत नीट राहतात. तसेही जुन्या पट्ट्यांच्या लेबलवरची तारीख उलटली होती. एसएफआयच्या पट्ट्यांची मुदत बनवल्यापासून दोन वर्षं असते, वापरा किंवा माळ्यावर ठेवा. सहा टोकांचा, 2 इंची खांद्यांचा हार्नेस घेतला. केजच्या आडव्या नळीवर दोन्ही पट्टे एकमेकांजवळ गुंडाळले. दूर बांधले तर ते खांद्यांच्या बाहेरच्या कडेला जातात आणि हान्सवरून घसरतात. कोनमापक लावला, 12 अंश खाली. चांगलं.

त्याच गाडीच्या केजवर, चालकाच्या डोक्याजवळ, आधीच्या मालकाने पाइपावर गुंडाळायचा काळा मऊ फोम चिकटवला होता. बोटाने दाबला की थेट नळी लागत होती. तो ओरबाडून काढला आणि एसएफआय 45.1 चं कडक पॅडिंग बसवलं. ते हाताला लाकडासारखं लागतं, म्हणून लोकांना आवडत नाही. डोक्याच्या वेगाने येणाऱ्या हेल्मेटला तेच चेपून थांबवतं, मऊ फोम नुसता बाजूला होतो.

बाहेर पडणं

सगळं बसवून झाल्यावर त्याला डोळे मिटून गाडीबाहेर यायला सांगितलं. पट्टे सुटले, खिडकीची जाळी सुटली, आणि हा अर्धा बाहेर येऊन अडकला. हान्सची मागची कड केजच्या नळीखाली. घाबरून तो मागे न जाता पुढे ओढत राहिला. आधी हनुवटी छातीला लावून डोकं बाहेर काढायचं, मग खांदे तिरके, हे शरीराला शिकवावं लागतं. सातव्या-आठव्या प्रयत्नाला जमलं. 'हान्समुळे बाहेर पडता येत नाही' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हा सराव केलेला असतो, हे मला तपासणीच्या टेबलावर नेहमी विचारावंसं वाटतं.

सुटायचं राहिलेलं एक आहे. हान्स मुख्यतः समोरच्या आणि तिरक्या धडकेसाठी. एफआयए आणि एसएफआय दोन्हींच्या चाचण्यांत पुतळा बसवलेली घसरगाडी सरळ आणि 30 अंश तिरकी अशी आदळतात. बाजूने कोणी दारावर धडकलं तर डोकं सांभाळायला सीटचे डोक्याजवळचे पंख किंवा उजवी-डावी जाळी लागते. त्याच्या सीटला पंख नाहीत. पंखांची सीट बसवून पाहिली, तर चष्म्याच्या कडेने त्याला वळणाच्या आतली बाजू दिसेना. सध्या मधल्या बाजूला जाळी लावली आहे, दाराकडची बाजू तशीच. मला ते पसंत नाही आणि मी त्याला सांगितलेलं आहे.

अजून एकही मोठा अपघात झालेला नाही. त्यामुळे आमचं बरोबर ठरलं असं या प्रकरणावरून कोणी म्हणू नये, त्याचा पुरावा त्या घसरगाडीवरच्या चाचण्यांत आहे, याच्या नशिबात नाही. परवा त्याचा निरोप आला. पट्ट्यांची मुदत या मोसमाअखेर संपते आहे, तेव्हा नवे घेतानाच सीटही बदलावी का, आणि येताना चष्मा कोणता आणू.